तिथीची पाऊणपट

"म्हणजे तसं नव्हे, पण तसंच समजा."

आमचे भाऊसाहेब कुठल्याही प्रश्नाला हे एकच उत्तर देत. फाईल साहेबांकडे गेली का? डबा खाल्लात का? आज बरं नाही का? सगळ्याला तेच. बोलताना उजव्या हाताचा पंजा समोर आडवा धरायचे आणि हळूच उलटा करायचे, तव्यावरचं घावन परततात तसा. फाईल गेली की नाही, हे विचारणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे, पण तो निमूट जागेवर जाऊन बसे. असं उत्तर मिळाल्यावर पुढे विचारायचं तरी काय, तुम्हीच सांगा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून नवीनच लागलो होतो. भाऊसाहेब तिथले अव्वल कारकून. अव्वल कारकुनाला सगळीकडे भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव कचेरीत क्वचितच कुणी घेई. मीही इथे घेत नाही. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं किरकोळ, पांढरा सदरा, पांढरी विजार, खिशाला दोन पेनं. अक्षर इतकं सुरेख की त्यांचा मसुदा टाइप करायला टायपिस्टला जिवावर यायचं.

आणि हा इतका टापटिपीचा माणूस रोज वेगळ्या वेळेला कचेरीत यायचा.

कचेरी साडेदहाची. एखादा आठवडा हे सव्वादहालाच टेबल पुसून बसलेले. मग एक दिवस अकराला यायचे, दुसऱ्या दिवशी पावणेबाराला. त्यापुढचे दोन-तीन दिवस वेळेवर येत, पण दुपारच्या सुट्टीत जे जात ते तीन वाजता उगवत. केस ओले, बोटांची टोकं सुरकुतलेली. मग पुन्हा आठवडाभर सगळं सुरळीत. मी सावर्ड्याचा. आमच्याकडे हमरस्ता आहे, बाजार आहे, डोंगर तर हवे तेवढे आहेत, पण समुद्र नाही. मला या येण्याजाण्यात काही क्रम दिसेना. आधी वाटलं, कुठे तरी शिकवणी घेत असतील. पण ओल्या केसांनी कसली शिकवणी?

क्रम दिसत होता तो आमच्या शिपायाला. महादू केळशीचा, दर्यावर वाढलेला, भाऊसाहेबांच्याच वयाचा. एका सकाळी साहेबांनी घंटी वाजवून विचारलं, "भाऊसाहेब कुठे आहेत?" महादूनं घड्याळाकडे बघितलंच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाला, "आज तेरस हाय, सायेब. अकराला येतील. उद्या पावणेबारा होतील बगा."

आणि अगदी तसंच झालं.

साहेब घाटावरचे, कोल्हापूरकडचे. दाराकडे बघत म्हणाले, "आयला, हा माणूस काय चंद्राच्या नोकरीत आहे काय?"

मेमो द्यायचं ठरलं. पण मेमोचे मसुदे करायचे ते अव्वल कारकुनानंच. तेव्हा भाऊसाहेबांना द्यायचा मेमो भाऊसाहेबांनीच लिहिला, साहेबांची सही आणली, स्वतःच्या टेबलावर घेतला, पोच दिली आणि खाली खुलासाही जोडला. खुलासा एका ओळीचा होता. "खाडीतल्या पाण्याच्या वेळेमुळे विलंब झाला." साहेबांनी मला बोलावलं. "खाडीत पाणी कायमच असतं की राव. त्याला वेळ कुठली?" मी सावर्ड्याचा. मलाही वाटत होतं, कायमच असतं.

त्यातून त्यांच्या प्रकृतीचा घोळ. एखाद्या दिवशी भाऊसाहेब डावा पाय ओढत जिना चढायचे. डावा हात दिवसभर खिशात. फाईलीची फीत एका हातानं आणि दातांनी बांधायचे, चहा एका हातानं, कुलूपसुद्धा एका हातानं. सगळी कचेरी हळहळली, की माणसाला लकवा होतोय. दुसऱ्या दिवशी हेच गृहस्थ दोन-दोन पायऱ्या चढून वर. मी धीर करून विचारलं, "भाऊसाहेब, पायाचं काही दुखणं आहे का?"

पंजा आडवा झाला आणि उलटला. "म्हणजे तसं नव्हे, पण तसंच समजा."

माझी खोली खाडीजवळच्या आळीत होती. खाली जुना धक्का, आता कुणी होड्या लावत नसे असा. एका रविवारी सकाळी सहज तिकडे गेलो, तर धक्क्याच्या आडोशाला छातीभर पाण्यात भाऊसाहेब उभे. अंगात बनियन. आणि डावा हात पंच्यानं अंगाशी करकचून बांधलेला. बघतोय तोवर ते एक पाऊल पुढे आले, कलंडले आणि डोक्यासकट पाण्याखाली गेले.

हात बांधून पाण्यात उतरलेला माणूस कशाला उतरतो, हे कळायला पोहता यावं लागत नाही. मी ओरडत पायऱ्या उतरलो आणि गुडघाभर पाण्यात शिरलो. तेवढ्यात भाऊसाहेब वर आले, तोंडावरचं पाणी एका हातानं निपटलं आणि म्हणाले, "सावर्डेकर, चपला काढू नका हो. कालवांचे शिंपले आहेत खडकाला, पाय कापेल."

त्यांच्या स्वतःच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. डाव्या पायाला वाळूची पुरचुंडी बांधलेली.

"जीव देताय काय भाऊसाहेब?" माझा आवाज रडवेला झाला होता.

"म्हणजे तसं नव्हे," ते म्हणाले. पुढचं त्या दिवशी त्यांनी गिळलं.

मग मला घरी घेऊन गेले. कचेरीतलं कुणी त्या घरात वर्षभर गेलं नव्हतं, आणि का ते मला आत गेल्यावर कळलं. खिडक्या बंद. आतल्या खोलीत पलंगावर वहिनी. मला बघताच त्यांनी उजव्या हातानं पदर ओढून तोंडाची डावी बाजू झाकली. वर्षापूर्वी एका सकाळी दळण निवडता निवडता त्यांचं डावं अंग गेलं होतं. वाचा चांगली होती, बुद्धी आमच्यापेक्षा चांगली होती, पण डावा हात आणि डावा पाय म्हणजे नुसतं ओझं. मूलबाळ नव्हतं. दुपारी शेजारची एक म्हातारी येऊन बसे, बाकी सगळं भाऊसाहेब करीत. वहिनींची एकच अट होती, कुणी बघायला यायचं नाही.

"मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात चालवा," भाऊसाहेब म्हणाले. "तरणतलावात म्हणे. आता रत्नागिरीत तरणतलाव कुठून आणू? म्हटलं, समोर एवढी खाडी आहे, ती काय नुसती बघायला?"

"पण तुम्ही हात बांधून..."

"सावर्डेकर, ती मला म्हणाली, तुमचं काय जातंय सांगायला? खरंच आहे. अर्धं अंग पाण्यात कसं वागतं, हे मला कळायला नको? आधी मी पडून बघतोय. कुठल्या अंगाला तोल जातो, पाणी नाकात गेलं तर किती घाबरायला होतं. मग तिला नेणार."

कचेरीत एका हातानं फीत बांधण्याचा उलगडा तेव्हा झाला. आतून वहिनी म्हणाल्या, "दोन महिने पडतायत नुसते. म्हणून केसबिस ओले. मी काही जायची नाही हो. लोक बघतील."

त्या गेल्या, पण त्याला आणखी पंधरा दिवस लागले. एका खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले. पुढे महादू, मागे मी, बाजूला भाऊसाहेब, अशी आमची वरात आळीच्या मागच्या वाटेनं धक्क्यावर जाई. मी आधीच सांगून टाकलं होतं की मला पोहता येत नाही.

"पोहायचंय कुणाला? चालायचंय," भाऊसाहेब म्हणाले.

पहिल्या दिवशी जुनं लुगडं घट्ट कासोटा घालून नेसलेल्या वहिनींनी त्यांचा गळा असा धरला की आता दोघंही जातात असं मला वाटलं. "सोडू नका, सोडू नका" एवढंच चाललं होतं. भाऊसाहेब पाठीमागे पाठीमागे चालत त्यांना खोल नेत होते आणि तोंडानं एखाद्या नियमाचं कलम समजावून द्यावं तसं बोलत होते. छातीपर्यंत पाण्यात गेलं की अंगाचं बरंचसं ओझं पाणीच उचलतं. गुडघ्यांवर भार येत नाही, आखडलेले सांधे सैल होतात. पाय पुढे टाकायला गेलं की तेच पाणी चहूबाजूंनी अडवतं, म्हणून पायाला काम पडतं. जमिनीवर पडलीस तर हाड मोडेल, इथे पडलीस तर काय होईल? भिजशील.

मी काठावरून विचारलं, "म्हणजे पाणी मदत करतं, का अडवतं?"

एक हात वहिनींच्या कमरेत होता, म्हणून दुसरा पाण्याबाहेर काढून त्यांनी पंजा उलटा करून दाखवला.

आता त्या वेळांचं सांगतो, म्हणजे साहेबांसारखा तुमचा गोंधळ व्हायला नको. खाडीचं पाणी चढतं आणि उतरतं, आणि चढता-उतरताना ते ओढतं. धड माणूस पाय रोवून उभा राहील, लुळ्या पायाचा वाहून जाईल. भरती पुरी झाली की मात्र पाणी अर्धा तास टेकतं, हलत नाही. तो अर्धा तास भाऊसाहेबांना हवा असे. तो रोज पाऊण तास पुढे सरकतो. किनाऱ्यावरच्या लोकांचा त्याला सोपा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळीही तेवढ्याच वाजता, संध्याकाळीही साधारण तेवढ्याच. चतुर्थी ते षष्ठी भर दुपारची, ऐन कचेरीची वेळ, तेव्हा त्या तीन दिवशी पाण्याचा उपास. भाऊसाहेब हा हिशेब सांगताना जेवढे खुलत, तेवढे मी त्यांना कधीच बघितले नाही.

साहेबांना हे मी सांगितलं. एका तेरसेला पावणेदहाला स्वतः धक्क्यावर येऊन, बूट हातात घेऊन, लांब उभे राहून गेले. त्यानंतर मेमो बंद झाले. हजेरीपुस्तकात आम्हा तिघांच्या नावापुढे साहेब पेन्सिलीनं बारीक तिथी लिहू लागले आणि माझ्याशी कुरकुरत, "वरनं तपासणी आली तर मी काय सांगायचं राव?"

पाण्यातले व्यायाम ठरलेले. आधी दोन्ही हात धरून चालणं. मग एक हात. मग नुसती बोटं. शेवटी धक्क्याच्या कड्याला धरून डावा पाय बाजूला उचलायचा, दहा वेळा. भाऊसाहेब मोठ्यानं मोजत. दहा झाले की म्हणत, "आणि एक वरचा." कोळीण वाटा घालून झाल्यावर एखादा मासा वर टाकते ना, तसा. वहिनी चिडायच्या. "दहा म्हणालात ना? मग दहाच." पण तो वरचा उचलायच्याच.

महिना-दोन महिन्यांत फरक दिसू लागला. पायाची सूज उतरली. वर्षभर न लागलेली झोप लागायला लागली. जेवण वाढलं. डाव्या हाताची बोटं थोडी मिटू लागली. "आणि काल चक्क भांडली माझ्याशी," भाऊसाहेब कचेरीत येऊन सगळ्यांना सांगत होते. "आमटीत मीठ कमी म्हणून. वर्षानं भांडली!" खिडकी उघडली गेली. पुढच्या फाल्गुनात एका द्वादशीला वहिनी छातीभर पाण्यात कुणाचाही हात न धरता चालल्या. वीस पावलं. महादूनं काठावरून टाळ्या वाजवल्या.

पण जमिनीवर त्या चालेनात.

हा घोळ आम्हाला कुणालाच सुटला नाही. पाण्यात वीस, तीस, चाळीस पावलं. पाणी कमरेला आलं की पाय अडखळायचा, गुडघ्याला आलं की मोडायचा. घराच्या दारापासून अंगणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे त्या बांबूच्या आडव्या फाटकापर्यंत, जेमतेम पंधरा पावलं. पावसाळ्याआधी वहिनींनी बेड्यापर्यंत जावं, एवढंच भाऊसाहेबांना हवं होतं. त्या काठी घेऊन उभ्या राहात, तीन पावलं टाकत, चौथ्याला भाऊसाहेबांना धरावं लागे. साहेबांनी एकदा मला विचारलं, "काय रे, बाई चालतात का आता?" मी हो म्हणालो, मग नाही म्हणालो, आणि शेवटी माझा हात आपोआप आडवा झाला, तेव्हा साहेब हसले.

भाऊसाहेब हसत नव्हते. एकदा कचेरी सुटल्यावर मला म्हणाले, "सावर्डेकर, जी पाण्यात चालते ती चालते म्हणायचं, की नाही? माझी काही चूक होतेय का? मी तिला उगाच आशा लावली का?" त्यांना असा सरळ प्रश्न विचारताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पावसाळ्यात खाडी बंद. त्या चार महिन्यांत पुष्कळसं कमावलेलं गेलं. नारळी पौर्णिमेला भाऊसाहेबांनी दर्याला नारळ दिला आणि गढूळपणा जरा बसल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कंटाळा नाही, चिडचिड नाही. मीच कंटाळलो होतो, खरं सांगतो.

त्या हिवाळ्यात निवडणूक लागली आणि भाऊसाहेबांना, महादूला लांबच्या गावी ड्यूटीवर जावं लागलं. जाताना मला सांगून गेले, "रविवारी तुम्ही न्या तिला. पाण्यात फार नेऊ नका, काठाशीच. शेजारच्या शिंप्याला खुर्चीला घ्या. वेळ काय, पाऊणपट करा, झालं." एवढा विश्वास माझ्यावर आयुष्यात कुणी टाकला नव्हता. रविवारी सकाळी कॅलेंडर बघितलं. मोठा बारा. बाराची पाऊणपट नऊ. शिंपी म्हणाला, "आत्ता? नक्की आत्ताच?" मी म्हटलं, "हिशेब केलाय." कचेरीतल्या माणसानं हिशेब केलाय म्हटल्यावर तो माझ्याबरोबर निघाला.

वहिनी लुगडं कासून तयार होत्या. आम्ही खुर्ची उचलली, घामाघूम होत धक्क्यावर आणली आणि बघतो तर खाडीच नाही. लांबवर नुसता चिखल. बगळे चालत होते. चार-पाच बाया कालवं काढत खडकावर वाकल्या होत्या.

मी बारा तारखेची पाऊणपट केली होती. तिथी पंचमी होती, ती त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरांत छापलेली होती. भरती पावणेचारला.

मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालवं काढणारी एक बाई कंबर सरळ करून ओरडली, "काय वो वयनी, चिखलात पाय धुवाक आल्यात?" शिंप्यानं मान फिरवली. दोन वर्षं लोकांच्या नजरेपासून जपलेल्या बाईला मी भर उजेडात, सगळ्यांच्या देखत, खुर्चीवर आणून बसवलं होतं. आणि वहिनींनी पदर तोंडावर न घेता त्या बाईला उत्तर दिलं, "होय गो, या साहेबांचा हुकूम आहे." आणि हसायला लागल्या. वाकडं तोंड करून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाया जवळ आल्या. किती दिसांनी, कशा आहात, पायाचं काय, सगळी चौकशी झाली. कुणी चार कालवं फोडून हातावर ठेवली. आम्ही तासभर तिथे होतो.

परतताना मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला घरातूनच कळलं होतं. ओहोटीला वास निराळा येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"अहो, हे नेतात ते पाण्यासाठी. आले, भिजले, चालले, परत. मला एकदा असंच बाहेर यायचं होतं. बसायला." मग म्हणाल्या, "त्यांना नका हं सांगू. वाईट वाटेल."

मी ते सांगितलं नाही. माझी चूक तेवढी सांगितली. भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे चूक नव्हे, पण चूकच समजा." पण त्यानंतर धक्क्यावर गेलो की ते घाई करेनासे झाले. भरतीच्या आधी अर्धा तास येऊन बसायचे दोघं. त्यांना कुणी सांगितलं, की आपलं आपणच कळलं, मला माहीत नाही.

पुढच्या माघातली द्वितीया. पाणी दीडला. वहिनींना घरी सोडून मी आणि महादू पुढे आलो होतो; भाऊसाहेब तीनच्या सुमारास कचेरीत परत आले, एक मसुदा पुढे ओढला आणि त्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, वाचतायत. साहेबांनी हाक मारली तरी मान उचलली नाही, तेव्हा आम्ही धावलो. उचलताना त्यांचे ओले केस माझ्या हाताला लागले. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदय बंद पडलं होतं.

वहिनींना सांगायला मला पाठवलं. त्या खिडकीशी बसून उजव्या हातानं केस सुकवत होत्या. "आत्ताच गेलेत की कचेरीत," त्या म्हणाल्या. "पंचा विसरलेत. तुम्ही असे का उभे? बरं नाही का त्यांना?"

"म्हणजे तसं नव्हे," मी म्हणालो. माझा पंजा मधेच आडवा राहिला होता, त्याच्याकडे त्या बघत राहिल्या. मग खाली बघून त्यांनी पंच्याची घडी घालायला घेतली. एका हातानं, दोनदा चुकत.

मुंबईहून पुतण्या आला. सगळं त्यानं केलं. दहाव्या दिवशी अस्थी खाडीत सोडायच्या होत्या. भटजी म्हणाले, नऊला निघू. आतून वहिनींचा आवाज आला, "आज एकादशी आहे. सव्वाआठ. नऊला पाणी ओढायला लागेल." भटजींनी पिशवी उचलली. "आणि मी येणार आहे."

पुतण्या म्हणाला, "काकी, बायकांनी यायचं नसतं. आणि तुम्हाला चालता येत नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी आणि महादूनं खुर्ची उचलली.

धक्क्याशी पाणी टेकलेलं होतं. वहिनी पायऱ्यांवर बसून बसून खाली सरकल्या. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, पुतण्याकडून कलश मागून घेतला आणि उजव्या कुशीला धरला. महादू हात द्यायला पुढे झाला, त्याला त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग चालायला लागल्या. पाठीला कुणी नाही, समोर कुणी नाही. पाणी छातीला लागल्यावर थांबल्या, कलश वाकडा केला, आणि पाण्यावर जे पसरलं ते निवांत तिथल्या तिथे राहिलं. भटजी काठावरून मंत्र म्हणत होते, ते संपले.

वहिनी परत फिरेनात. पाठमोऱ्या तशाच उभ्या. मग एकदम त्यांचा खांदा उजवीकडे कलला आणि पुतण्यानं घाबरून माझा दंड धरला. "काकींना काय होतंय? धरा ना कुणीतरी! काय करतायत त्या?"

मी मोजत होतो. खांदा पुन्हा सरळ झाला, पुन्हा कलला. पाण्याखाली डावा पाय बाजूला उचलला जात होता. सहा. सात. शेजारी महादूचेही ओठ हलत होते. नऊ. दहा.

दहानंतर त्या थांबल्या. बराच वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता वळतील.

मग खांदा आणखी एकदा कलला. आणि त्या वळल्या.